डॉज किंग्जवे (१९५२) विकणे आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जाहिरात दिल्यापासून तेच ते प्रश्न येत आहेत आणि तीच ती उत्तरं देऊन माझा घसा बसला आहे. म्हणून सगळं एकदाच लिहून काढलं. हे वाचूनही गाडी हवीशी वाटली तर खुशाल या. वाचतानाच उत्साह मावळला तर तुमचाही वेळ वाचला आणि माझाही.

गाडी नेमकी कोणती? डॉज की प्लिमथ?

आरसी बुकावर डॉज किंग्जवे, सन १९५२, चार दरवाजे, उजव्या हाताचं स्टिअरिंग. डॉज आणि प्लिमथ या दोन्ही क्रायस्लर कंपनीच्याच गाड्या, आणि किंग्जवे हे नाव तिने अमेरिकेबाहेरच्या बाजारांसाठी ठेवलं होतं. अंगाने आणि इंजिनाने ही त्या काळची प्लिमथ. समोरची जाळी, बिल्ले आणि बॉनेटवरचा धातूचा मेंढा (ते डॉजचं चिन्ह) तेवढा डॉजचा. काही शौकीन यावरून नाक मुरडतात. मुरडू द्या. मला त्याचा फायदाच झाला, कारण प्लिमथसाठी बनलेला जवळजवळ प्रत्येक सुटा भाग हिला बसतो, आणि प्लिमथ अमेरिकेत लाखांनी खपल्या होत्या.

अमेरिकन गाडी म्हणता, मग कंपनीच्या पट्टीवर मुंबईचं नाव कसं?

कारण ही जोडली गेली कुर्ल्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो बाहेर पडू लागल्या. सुटे भाग पेट्यांत भरून बोटीने येत, इथे जोडले जात. ही कल्पना मुंबईला नवी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला असा कारखाना काढला होता आणि शेवरले तिथे जोडल्या जात होत्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदललं. नुसती जोडणी नको, भाग इथे बनवणार असाल तरच राहा, असा त्याचा अर्थ होता. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ च्या सुमारास गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर राहिली, हळूहळू फियाटकडे वळली, आणि त्याच कुर्ल्यातून पुढे पद्मिनी आली. म्हणजे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं आणि हिचं माहेर एकच.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण असं की "इंपोर्टेड आहे का? कस्टमचे कागद आहेत का?" हा प्रश्न दर दुसऱ्या फोनवर येतो. कस्टमचा संबंधच नाही. ही पहिल्या दिवसापासून मुंबईत नोंदलेली गाडी आहे, आणि बी-एमने सुरू होणारा तोच नंबर आजही तिच्यावर आहे.

आधीचे मालक कोण?

पहिले मालक गिरगावातले एक डॉक्टर. त्यांच्याकडून माझ्या आजोबांनी घेतली आणि कोल्हापूरला आणली. तेव्हापासून घरातच आहे. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव असे भडकले की एवढी मोठी गाडी रोज काढणं परवडेना. आधी ती फक्त सणासुदीला निघायची, मग फक्त जोतिबाला, मग निघेनाशीच झाली. पुढची बरीच वर्षं ती शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळ्यांवर उभी होती. काकांनी तिची चाकं जमिनीवर टेकू दिली नाहीत आणि इंजिनात दर पावसाळ्याआधी थोडं तेल घालून हँडलने दोन फेरे फिरवत राहिले. गाडी आज आहे ती त्या तेलामुळे.

"मूळ रूप जपून दुरुस्त केलेली" म्हणजे नेमकं काय केलंय? नुसती धुऊन पुसून ठेवलीय का?

नाही. गाडी चालायला, थांबायला आणि पुढे न गंजायला जे जे लागतं ते सगळं उघडून, तपासून, गरज तिथे नवं केलं आहे. जे केवळ दिसायला लागतं ते शक्यतो हातही न लावता ठेवलं आहे. आणि जे नव्याने बसवलं ते चार बोल्ट काढून परत काढता येईल असंच बसवलं. मूळ पत्र्याला कुठेही नवं भोक पाडलेलं नाही.

इंजिन पूर्ण उतरवून खोललं होतं. सहा सिलिंडर एका ओळीत, २१७.८ घनइंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, कंपनीच्या दाव्यानुसार ९७ अश्वशक्ती. वॉल्व्ह हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे हेड म्हणजे नुसतं एक सपाट जाड झाकण. हे इंजिन ज्याने कधी उघडलं नसेल त्याला त्याच्या साधेपणाचं हसू येईल. पण त्यात एक मेख आहे, आणि गाडी घेणाऱ्याला ती माहीत हवीच.

पाण्याच्या पंपामागे, ब्लॉकच्या आत, पुढून मागेपर्यंत एक चपटी पत्र्याची नळी असते. तिला वरच्या अंगाला भोकं असतात, आणि थंड पाणी त्या भोकांतून नेमकं एक्झॉस्ट वॉल्व्हच्या सीटभोवती सोडायचं हे तिचं काम. बाहेरून ती दिसत नाही. नेहमीचा मेकॅनिक ती उघडून बघत नाही, कारण ती आहे हेच त्याला ठाऊक नसतं. साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत ती गंजून गळते. मग पुढच्या दोन सिलिंडरना पाणी मिळतं, मागचे तापतात, वॉल्व्ह जळतात, आणि मालक नवा रेडिएटर घालून बसतो. आमची नळी आकडा घालून ओढली तर हातात आला तो गंजाचा चुरा आणि पुढचा वीतभर तुकडा. उद्यमनगरातल्या कारागिराने त्या तुकड्यावरून आणि अमेरिकेहून मागवलेल्या मापांवरून पितळी पत्र्याची नवी नळी वळून दिली. ब्लॉकच्या बाजूच्या गोल टोप्या काढून आतला गाळ खरवडला. तो इतका निघाला की घमेलं भरलं. आता एप्रिलच्या उन्हात, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू ठेवलं तरी काटा मधल्या रेघेवरून हलत नाही. तुम्ही आल्यावर हे करून दाखवीन.

बाकी इंजिनाचं थोडक्यात: नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, वॉल्व्ह घासून बसवले, क्लचप्लेट नवी, कार्ब्युरेटर खोलून साफ. सिलिंडर रिबोअर करायची वेळ आली नाही.

इंजिन मूळचंच कशावरून? या गाड्यांत तर सगळीकडे डिझेल घातलेलं असतं.

शंका रास्त आहे. पेट्रोल महागल्यावर मोठ्या अमेरिकन गाड्यांची इंजिनं काढून त्यात डिझेल बसवायची लाटच आली होती, विशेषतः ज्या गाड्या टॅक्सीला गेल्या त्यांत. आमची वाचली, कारण तेव्हा डिझेल बसवण्याएवढेही पैसे घरात नव्हते. ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पुढे, डायनॅमोच्या वर एक घासून सपाट केलेला चौकोन आहे. त्यावर इंजिन नंबर ठोकलेला आहे, आरसीवरच्या नंबराशी जुळतो. टॉर्च आणि तारेचा ब्रश घेऊन या. कुणाचीही जुनी गाडी घेताना हा चौकोन आधी बघा. तो जर गुळगुळीत असेल किंवा आकडे नव्या वळणाचे वाटले तर चहा पिऊन परत फिरा.

सुटे भाग मिळतात का? पुढे काय करायचं?

लोक याला उगाच घाबरतात. हे सहा सिलिंडरचं घराणं प्लिमथमध्ये १९३३ ला आलं आणि डॉजच्या पॉवर वॅगन ट्रकमध्ये १९६८ पर्यंत चालू होतं. त्याशिवाय फोर्कलिफ्ट, कापणीयंत्रं, वेल्डिंगचे जनरेटर, सगळीकडे तेच. त्यामुळे गॅस्केट, रिंगा, वॉल्व्ह, पंपाचे पडदे अमेरिकेतून आजही नवे येतात. मागवताना एक पथ्य: क्रायस्लरच्या या इंजिनांत दोन लांबीचे ब्लॉक आहेत, हेडची लांबी एकात २३ इंच, दुसऱ्यात २५. आपलं २३ चं आहे. चुकीचं हेड गॅस्केट मागवाल तर भिंतीला टांगायला उपयोगी पडेल.

पत्र्याचे भाग आणि ट्रिम मात्र मिळणं कठीण. समोरची काच दोन तुकड्यांची आणि सपाट आहे, हे नशीब. उजवीकडची तडकली होती, ती साध्या लॅमिनेटेड काचेतून कापून घेतली. काच गोलाईची असती तर आजही शोधतच बसलो असतो.

बॉनेटवरचा मेंढा मूळचा आहे का?

नाही. मूळचा कधीतरी ऐंशीच्या दशकात कुणीतरी उचकटून नेला. आताचा हुपरीच्या कारागिराने पितळेत ओतून दिलेला आहे, वर क्रोम. नमुना म्हणून त्याला दुसऱ्या एका गाडीवरचा मेंढा दोन दिवस उसना आणून दिला होता. त्याने माप चोख घेतलं, शिंगांचा पीळ अगदी बरहुकूम आणला, पण नाकाशी त्याचा हात डोळ्यांनी रोज पाहिलेल्या मेंढ्यांकडे वळला असावा. आमच्या मेंढ्याचं नाक चक्क जतकडच्या माडग्याळी मेंढ्यासारखं झालंय, फुगीर आणि बाकदार. डेट्रॉइटवाले बघतील तर ओळखणार नाहीत. जत भागातला कुणीही ओळखेल. मला तो बदलावासा वाटला नाही. तुम्हाला खटकत असेल तर अमेरिकेत मूळचे जुने मिळतात, दोन नटांवर बसतो.

रंग जुना दिसतो. नवा का नाही मारला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि "एवढा खर्च केलात, रंगाला का कमी केलंत?" असं काही लोक जरा कीव आल्यासारखं विचारतात.

गाडी गडद हिरवी आहे. छत, डिकी, चारही दरवाजे आणि बॉनेट यांवर जुनाच रंग आहे. काही ठिकाणी तो इतका पातळ झालाय की खालचा तांबूस प्रायमर डोकावतो, विशेषतः ड्रायव्हरच्या दाराच्या वरच्या कडेला, जिथे आजोबांचा कोपर टेकायचा. पुढचा डावा मडगार्ड आणि दारांखालच्या पट्ट्या गंजल्या होत्या. त्या कापून नवा पत्रा जोडला आणि तेवढ्याच भागाला जुन्याशी जुळणारा रंग केला. उन्हात नीट पाहिलं तर फरक कळतो. कळू दे.

नवा रंग म्हणजे सगळा जुना थर उतरवणं. एकदा उतरवला की तो परत आणता येत नाही. चकचकीत गाडी पैसे टाकून कधीही करता येते, उद्या तुम्हीही करू शकता. सत्तर वर्षांचा रंग मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. पुण्यातल्या एका गॅरेजने आम्हाला मेटॅलिक लाल रंग, बारा व्होल्टचं वायरिंग, एसी आणि पांढरं लेदर असा सगळा बेत मांडून दाखवला होता. अंदाजपत्रक इतकं देखणं होतं की फ्रेम करावं. आम्ही नमस्कार करून निघालो.

लोहचुंबक घेऊन या आणि हवं तिथे लावून बघा. पुट्टी भरून गोलाई आणलेली जागा सापडणार नाही.

आतून कशी आहे?

सीटवरचं मूळ कापड आमच्याकडे गाडी आली तेव्हाही नव्हतं. आताचं रेक्झिन सत्तरच्या दशकातलं, कोल्हापुरातच शिवलेलं. स्प्रिंगा आणि काथ्या नव्याने भरला, वरचं रेक्झिन तेच परत चढवलं. मागच्या सीटच्या शिवणीत दोन ठिकाणी हाताने टाके घातलेत. डॅशबोर्डवरची सगळी मीटर चालतात, घड्याळ सोडून. क्रोमच्या काही छोट्या पट्ट्यांवर बारीक पुटकुळ्या आहेत. तो आतला जस्ताचा धातू खराब होण्याचा प्रकार, त्याला इलाज महाग आणि निकाल बेभरवशाचा, म्हणून तशाच ठेवल्या.

छत उंच आहे. क्रायस्लरचे तेव्हाचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रह असे की डोक्यावरची हॅट न काढता माणसाला गाडीत बसता आलं पाहिजे. समीक्षकांनी त्यावरून त्यांची बरीच टिंगल केली, आणि गाड्या ठेंगण्या-लांब होत गेल्या तसा कंपनीला त्याचा फटकाही बसला. कोल्हापुरात मात्र या हट्टाचं सोनं झालं. नवरदेव फेट्यासकट आत बसतो आणि तुरासुद्धा छताला लागत नाही.

ॲव्हरेज किती देते?

लिटरला सहा, फार जपून चालवली तर सात. पुढचा प्रश्न.

आताचं इथेनॉलवालं पेट्रोल चालतं का? आणि शिशाशिवाय?

शिशाची काळजी नको. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण क्रायस्लरच्या या इंजिनांत एक्झॉस्ट वॉल्व्हखाली कडक धातूच्या वेगळ्या सीट मुळातच बसवलेल्या असतात. कॉम्प्रेशन ७ ला १ इतकंच, त्यामुळे भारी ऑक्टेनचं पेट्रोल घालून काही मिळणार नाही.

इथेनॉलची काळजी करायला हवी. आमच्याच भागातल्या उसाचं असलं म्हणून ते जुन्या रबराला सोडत नाही. पंपाचा पडदा, सगळे रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरची सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घातली आहेत. टाकी आतून साफ केली आहे. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. अर्धवट भरलेली ठेवाल तर दसऱ्याला टाकीत गंज आणि कार्ब्युरेटरात पांढरी साय सापडेल.

सहा व्होल्टची बॅटरी कुठे मिळणार? बारा व्होल्ट का नाही केलं?

सहा व्होल्ट नीट चालतात, फक्त तारा जाड हव्यात. बहुतेक गाड्यांत बॅटरी बदलताना कुणीतरी आजच्या गाडीची बारीक केबल घालतं, मग गरम इंजिनाला सेल्फ रडत रडत फिरतो आणि दोष मात्र सहा व्होल्टला. आम्ही बोटाएवढ्या जाड केबल घातल्यात आणि अर्थिंगची जागा घासून लखलखीत केली आहे. उन्हात अर्धा तास उभी करून सेल्फ मारला तरी लगेच उचलते. बॅटरी स्थानिक कारागीर तीन सेल जोडून बनवून देतो.

एक महत्त्वाचं: या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं आहे, मायनस नाही. शेजारच्याच्या गाडीवरून जंप देऊ नका, कुणी प्रेमाने पुढे आला तरी देऊ देऊ नका. मोबाइल चार्ज होणार नाही. पॉवर बँक बाळगा.

चालवायला कशी आहे? माझ्या मुलाला जमेल का?

गिअर स्टिअरिंगला आहेत, तीन. जुनी फियाट चालवलेल्याला दहा मिनिटांत हात बसतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, त्याला सिंक्रोमेश नाही. इंजिनाचा सगळा जोर खालच्या फेऱ्यांत आहे, त्यामुळे टॉप गिअरमध्ये अगदी सावकाश चालतानाही ती आचके देत नाही. आंबा घाटात वर चढताना दुसऱ्या गिअरवर ती न तक्रार करता जाते. पासष्ट-सत्तरच्या वेगाला सुखात असते. त्यापुढे नेता येते, पण थांबवायला वेळ लागतो, आणि समोरच्या आडव्या येणाऱ्या स्कूटरवाल्याला ते माहीत नसतं.

ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, हायड्रॉलिक, बूस्टर नाही. सगळे सिलिंडर स्लीव्ह घालून नवे केले, लायनर नवे, पाइप नवे. पण सर्किट एकच आहे: कुठेही गळती झाली तर चारही ब्रेक जातात. ब्रेक ऑइलची टाकी बॉनेटखाली शोधू नका, ती ड्रायव्हरच्या पायाखाली, गालिचाखालच्या झाकणाच्या आत आहे. तिथे म्हणूनच कुणी बघत नाही. महिन्यातून एकदा बघा.

हँडब्रेक चाकांना लागत नाही, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर वेगळा ड्रम आहे, तिथे लागतो. चालत्या गाडीत ओढायचा नाही. आणि मागचं एक चाक जॅकवर उचललं की तो गाडी धरून ठेवत नाही, हे लक्षात ठेवून समोरच्या चाकाला दगड लावायचा.

सीट बेल्ट नाहीत. मुलाला जमेल का हे मुलावर अवलंबून आहे.

पंक्चर झालं तर?

हे वेगळं लिहायचं कारण आहे. या गाडीला चाकाचे नट नसून बोल्ट आहेत, आणि डाव्या बाजूच्या दोन्ही चाकांच्या बोल्टना उलटे आटे आहेत. म्हणजे डावीकडे सोडायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. पंक्चरवाल्याला हे सांगितलं तरी तो मान डोलावतो आणि सवयीने नेहमीच्याच बाजूला पाना मारतो, मग बोल्ट हलत नाही म्हणून पान्यावर उभा राहतो, आणि बोल्ट तुटतो. डाव्या चाकांच्या कपांवर आतून पिवळ्या रंगाने बाण काढून ठेवलेत. तरी पाना स्वतःच्या हातात ठेवा. टायरचं माप ६.७०-१५, पाचही टायर चांगले आहेत.

कागदपत्रं साफ आहेत का?

आरसी आजोबांनंतर माझ्या नावावर झाली आहे. जुनं हाताने लिहिलेलं पुस्तक होतं, आरटीओत बॅकलॉग एंट्री करून ऑनलाइन आणलं आहे. नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, थर्ड पार्टी विमा चालू आहे. गाडीवर कुठलंही कर्ज नाही. फॉर्म २९ आणि ३० वर मी सही करीन, दुसऱ्या राज्यात नेणार असाल तर एनओसी काढून देईन. नाव बदलून झाल्याशिवाय गाडी दारातून हलणार नाही. "कागद नंतर करू" म्हणणाऱ्यांनी फोन करू नये.

व्हिंटेज नोंदणी करून मिळेल का? तिचा फायदा काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी: चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. डिझेल घातलेल्या आणि आतून सगळं आजचं भरलेल्या गाड्या इथेच अडकतात. ही अडकायचं कारण नाही.

पण तोटाही समजून घ्या. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि या कामांसाठी ये-जा, एवढंच. मी म्हणूनच साधी नोंदणी चालू ठेवली. मला रविवारी सकाळी बायकोला घेऊन रंकाळ्यावर जायचं असतं आणि त्याला मी तांत्रिक अभ्यास म्हणू शकत नाही. दिल्ली परिसरात नेणार असाल तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांबाबत तिथले नियम आणि कोर्टाचे आदेश वेगळे आहेत. आधी तिथल्या आरटीओत विचारा, मग मला फोन करा.

लग्नाला, शूटिंगला भाड्याने लावता येईल का?

खाजगी नंबरावर भाडं घेणं नियमात बसत नाही, आणि व्हिंटेज नोंदणीवर तर व्यावसायिक वापराला स्पष्ट मनाई आहे. नात्यातल्या लग्नाला न्या, जरूर न्या. गाडी विकत घेऊन दोन सीझनमध्ये पैसे वसूल करायचा हिशेब मांडून कुणी येणार असेल तर त्याला मी गाडी देणार नाही, हे आताच सांगतो. बोनटवर फुलांची चादर चिकटपट्टीने लावतात ना, ती काढताना सत्तर वर्षांचा रंग तिच्याबरोबर येतो.

काय काय बिघडलेलं किंवा अर्धवट आहे?

घड्याळ बंद. हॉर्नचा एकच भोंगा वाजतो, दुसरा गप्प आहे. इंजिनाच्या मागच्या बाजूने तेलाचे थेंब पडतात. रात्रभर उभी ठेवली की खाली रुपयाएवढा डाग. दुरुस्त करायचा तर गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल, मी खाली ट्रे ठेवतो. मागचं डावं दार पावसाळ्यात जोरात ओढावं लागतं. डिकीच्या खाली, स्टेपनीच्या खळग्यात गंज होता, तो खरवडून रसायन लावून थांबवला आहे, पण पत्रा तिथे पातळ आहे आणि पाच-सात वर्षांत बदलावा लागेल. स्टिअरिंगला दोन बोटं ढिलाई आहे, ती या पेटीला असतेच.

इतकी चांगली आहे तर विकताय का?

वाडा पाडून इमारत होतेय. आमच्या वाट्याला येणारी पार्किंगची जागा आजच्या छोट्या गाडीच्या मापाची आहे. ही सोळा फुटांच्या आसपास लांब आहे. बिल्डरशी भांडून झालं. शेतावरची शेड आहे, पण तिथे ठेवली की पुन्हा ती उभीच राहणार. मुलगी बंगळुरूला, तिला गाडी आवडते, गाडीला जागा तिथेही नाही.

किंमत किती? कमी होईल का?

१४ लाख. याहून कमी पैशांत अशाच गाड्या मिळतात, मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यांत दिवे, रंग, सीट सगळं झगझगीत असतं, फक्त बॉनेट उघडू देत नाहीत. माझ्याकडे उलट आहे. पहिल्या फोनवरच "शेवटचं सांगा" म्हणणाऱ्याला मी १४ च सांगतो. येऊन, गाडीखाली झोपून, चालवून बघितलेल्या माणसाशी बसून बोलीन. हप्ते नाहीत, बदल्यात दुसरी गाडी नाही, प्लॉट नाही. हो, एकाने प्लॉट विचारला होता.

किमतीत आणखी काय मिळेल?

कंपनीचं दुरुस्तीचं पुस्तक, मागचे ड्रम ओढायचा पुलर (तो नसेल तर मागचे ब्रेक उघडताच येत नाहीत, म्हणून तो जपा), जुन्या तांब्याच्या गॅस्केटचा एक जोड, एक जादा डायनॅमो, आणि केलेल्या सगळ्या कामाचे फोटो व पावत्या. जुनी गंजलेली पाण्याची नळीही, बरणीत. मेकॅनिक विश्वास ठेवत नाहीत तेव्हा दाखवायला बरी पडते.

बघायला केव्हा येऊ?

शनिवार-रविवार, सकाळी आठ ते अकरा. आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मी गाडी आधी चालू करून ठेवणार नाही. थंड इंजिनाला चोक देऊन पहिला सेल्फ तुम्हीच मारा, गाडीबद्दल त्यातच बरंच कळतं. मेकॅनिक बरोबर आणा, तो जुन्या अमेरिकन गाड्यांचा नसला तरी चालेल. लहान मुलं आली तर आनंदच आहे, फक्त मेंढ्याला धरून बॉनेटवर चढू देऊ नका. ट्रायल घाटाच्या दिशेने देईन, गावातल्या गर्दीत नाही. पेट्रोल तुमचं.